तहाची टवाळी आणि चित्रकाराचं पेन्शन

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर फ्रेंच फौज शिरली आहे. मागे राजवाड्याला आग लागली आहे. डाव्या हाताला व्हाइट्स क्लब, पंतप्रधान विल्यम पिटच्या माणसांची उठबस तिथली. सैनिक संगिनी रोखून आत घुसलेत आणि बाहेर दिव्याच्या खांबाला दोन तरुण खासदार पाठीला पाठ लावून लटकलेत. उजव्या हाताला विरोधकांचा ब्रुक्स क्लब, तिथे उत्सव चालू आहे. रस्त्याच्या मधोमध उभारलेल्या खांबावर क्रांतीची लाल टोपी, आणि त्या खांबाला कमरेपर्यंत उघडा करून बांधलेला खुद्द पिट. विरोधी नेता चार्ल्स जेम्स फॉक्स त्याला फोकांनी फोडून काढतोय. एका बाजूला दांडगा बैल तहाचा कट्टर विरोधक एडमंड बर्क याला शिंगांवर घेऊन भिरकावतोय.

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं हे चित्र २० ऑक्टोबर १७९६ या तारखेने विक्रीला आलं. त्याचं लांबलचक शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘फ्रेंच आक्रमणाची ठरलेली भीषणता, अर्थात राजाचा जीव घेणाऱ्यांशी तह करण्याची सज्जड कारणं’. त्याच आठवड्यात ब्रिटिश सरकारचा वकील लॉर्ड माल्म्सबरी तहाची बोलणी करायला पॅरिसच्या वाटेवर होता.

आज हे चित्र पडद्यावर हवं तितकं मोठं करून पाहता येतं. मी ते कितीतरी वेळा पाहिलं आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईने रेघ ओढायची, पत्रा आम्लात बुडवायचा, शाई भरून छापायचं आणि मग हाताने रंग भरायचे, हा सगळा खटाटोप घटना ताजी असतानाच उरकायचा. त्यातही एकेक चेहरा ओळखू येतो, एकेक बोट बोलतं. चित्र इतकं जबरदस्त आहे की आपण त्यात हरवतो आणि एक साधी गोष्ट विसरतो. टवाळी चालली होती ती युद्ध थांबवायच्या प्रयत्नाची.

युद्धाच्या काळात तहाची बोलणी करणाऱ्याची अशी खिल्ली उडवू द्यावी का, हा प्रश्न गिलरेबरोबर संपलेला नाही. माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. उडवू द्यावी, बेलाशक उडवू द्यावी. पण ती उडवणाऱ्याला सत्तेने पोसलेलं असेल, तर त्या चित्राला व्यंगचित्र म्हणणं आपण थांबवायला हवं. सरकारने व्यंगचित्रकाराला कोठडीत टाकलं की चार लोक ओरडतात, लेख येतात, सह्यांची मोहीम निघते. सरकारने त्याला वर्षाला ठरावीक रक्कम बांधून दिली तर कोणाला पत्ताही लागत नाही. गिलरेच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्या, आणि दोन वर्षांच्या आत घडल्या. म्हणून त्याची हकिकत नीट सांगण्यासारखी आहे.

आधी तह कोणाला हवा होता ते पाहू. फ्रान्सने १ फेब्रुवारी १७९३ ला ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. दोन वर्षांत इंग्लंडात धान्य कडाडलं, गावोगावी भाकरीसाठी दंगे झाले. २९ ऑक्टोबर १७९५ ला राजा तिसरा जॉर्ज संसदेच्या उद्घाटनाला निघाला तेव्हा लोकांनी त्याची बग्गी घेरली. घोषणा होत्या भाकरीच्या, तहाच्या आणि ‘पिट नको’च्या. सरकारने त्यावर उपाय काय केला, तर त्याच वर्षअखेर सभाबंदीचे आणि राजद्रोहाचे दोन कडक कायदे आणले. पण पोट कायद्याने भरत नाही. शेवटी ज्या पिटने फ्रेंच प्रजासत्ताकाशी लढाई चालवली होती, त्यालाच १७९६ च्या शरद ऋतूत माल्म्सबरीला पॅरिसला धाडावं लागलं.

तेव्हा एडमंड बर्क आयुष्याच्या शेवटच्या वर्षात होता. ज्यांनी आपल्या राजाचं मुंडकं उडवलं त्यांच्याशी तह म्हणजे पाप, असं तो पत्रांमागून पत्रं लिहून सांगत होता. रस्ते खराब असल्याने माल्म्सबरीला पॅरिसला पोचायला वेळ लागतोय असं त्याच्या कानावर आलं, तेव्हा तो म्हणाला की त्यात नवल काय, तो अख्खा रस्ता गुडघ्यांवर गेलाय. आपल्याकडे याला लोटांगण घालणं म्हणतात. आठवडाभरातच गिलरेचं आणखी एक चित्र आलं. माल्म्सबरीची गाडी पॅरिसमध्ये शिरते आहे आणि बाजारातल्या धिप्पाड कोळणी त्याला मिठ्या मारून मुके घेतायत. प्रत्यक्षात त्या बोलण्यांतून काहीच निघालं नाही. १९ डिसेंबरला माल्म्सबरीला अठ्ठेचाळीस तासांत पॅरिस सोडायला सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी जुलैत तो पुन्हा लील शहरात बोलणी करायला बसला. या खेपेला तह जवळ आल्यासारखा वाटत होता, पण ४ सप्टेंबर १७९७ ला पॅरिसमध्ये सत्तापालट झाला, तहाच्या बाजूचे लोक बाहेर फेकले गेले आणि सगळं फिसकटलं.

गुडघे टेकणं आणि मुके घेणं. तहाची टवाळी करताना चित्रकाराचा हात याच दोन गोष्टींकडे वळतो. याचा कळस म्हणजे गिलरेचं १ जानेवारी १८०३ चं चित्र, ‘दहा वर्षांतलं पहिलं चुंबन’. मार्च १८०२ मध्ये आमियां इथे ब्रिटन आणि फ्रान्सचा तह झाला होता, त्यावर ते आहे. ब्रिटानिया म्हणजे ब्रिटनची देवता. तिने एरवी हाती घ्यायचे ढाल आणि त्रिशूळ भिंतीला टेकवून ठेवलेत. ती सुटलेल्या अंगाची, गाल लाल झालेली बाई आहे. समोर काटकुळा फ्रेंच अधिकारी अदबीने वाकून तिचं चुंबन घेतोय. ती म्हणते, तुम्ही इतके सभ्य आहात की मला नाही म्हणवत नाही, जरी तुम्ही मला पुन्हा फसवणार हे मला पक्कं ठाऊक आहे. भिंतीवर दोन तसबिरी, राजा जॉर्ज आणि फ्रान्सचा सत्ताधीश नेपोलियन बोनापार्ट, एकमेकांकडे डोळे वटारून पाहतायत. हे चित्र बघून बोनापार्टलाही हसू आलं होतं म्हणतात.

चित्र देखणं आहे, आणि त्याचा घाव मला वर्मी वाटतो. युद्ध दाखवताना ढाल, त्रिशूळ, सिंह. तह दाखवताना मात्र भुरळ पडलेली बाई. म्हणजे तह करणारा देश हा मर्द नसलेला देश. ही भाषा आपल्याला परकी नाही. चर्चेला तयार झालेल्या मंत्र्याला ‘बांगड्यांचा आहेर’ पाठवल्याच्या बातम्या आपण लहानपणापासून वाचत आलोय. ‘युद्धात कमावलं ते तहात गमावलं’ हे वाक्य आपल्या भाषणांत इतकं रुळलंय की ते प्रत्येक तहाबद्दल खरं आहे का, हे कोणी विचारतच नाही. बांगड्या भरणारे हात घर चालवतात, शेतं नांदती ठेवतात, आणि युद्धात मुलगा गेला की त्याच्यासाठी रडतातही तेच. तहाला हिणवायला बाईचंच रूप का लागतं, हे गिलरेला कोणी विचारलं नाही. आपल्या व्यंगचित्रकारांना आपण विचारायला हवं.

इथे एक तारीख सांगायलाच हवी. ‘पहिलं चुंबन’वर १ जानेवारी १८०३ ही तारीख कोरलेली आहे. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ ला, वसईला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. तैनाती फौजेच्या सहा पलटणी, त्यांच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांशी ज्यांचं वैर आहे अशा कुठल्याही युरोपियनाला नोकरीत ठेवायचं नाही अशी अट. ही अट फ्रेंचांना डोळ्यांसमोर ठेवून घातलेली होती. लंडनमध्ये फ्रान्सबरोबरच्या तहाचं चित्र रंगत होतं, तेव्हा फ्रेंचांच्या भीतीचं नाव पुढे करून गव्हर्नर जनरल वेलस्ली पेशवाई गिळत होता. आठ महिन्यांत शिंदे आणि भोसल्यांशी लढाई जुंपली आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या माळावर दोन्हीकडची हजारो माणसं पडली. युरोपातली ती बोलणी टिकली असती तर आपल्याकडचा इतिहास बदलला असता असं मी म्हणणार नाही. वेलस्लीची भूक फ्रेंचांवर अवलंबून नव्हती. पण त्या चित्रातल्या तसबिरी एकमेकांकडे डोळे वटारत होत्या त्याची झळ किती लांबवर पोचत होती, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं.

आता उलट बाजू. इतकी धार असलेली चित्रं सरकारने थांबवायला हवी होती का? वाटाघाटी नाजूक असतात, समोरच्याच्या मानपानावर टिकतात, भर चौकात वकिलाची अब्रू गेली की त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. तरीही मी त्याच्या विरोधात आहे, आणि त्याचं कारण गिलरेच्याच अटकेत सापडतं.

जानेवारी १७९६ मध्ये गिलरेला पकडलं. आरोप धर्मनिंदेचा. त्याने राजघराण्यातल्या नवजात राजकन्येचं चित्र काढलं होतं. त्यात विरोधी नेते फॉक्स आणि शेरिडन त्या बाळाच्या ढुंगणाचा मुका घेताना दाखवले होते आणि शीर्षकाला बायबलमधल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या भेटीची छटा दिली होती. या चित्रात सरकारची टिंगल नव्हती, विरोधकांचीच होती. तरी पकडायला धर्माचं निमित्त पुरलं. म्हणजे बंदी घालायचा अधिकार एकदा हातात दिला की तो कोणत्या चित्रावर पडेल हे कायदा ठरवत नाही, त्या दिवसाची सोय ठरवते. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१२ मध्ये मुंबईत एका तरुण व्यंगचित्रकारावर राजद्रोहाचं कलम लावलं गेलं, राष्ट्रचिन्हाचा अपमान झाला म्हणून. कलम पुढे मागे घ्यावं लागलं, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारवरची कडक टीका म्हणजे राजद्रोह होत नाही, त्यासाठी हिंसेला चिथावणी असावी लागते. तो निकाल मला फार मोलाचा वाटतो. तहाची खिल्ली उडवणाऱ्यालाही तो लागू आहे, आणि मला त्याची चित्रं कितीही खुपली तरी लागू राहावा.

शिवाय त्या काळच्या लंडनमध्ये चित्रांची एक खुली जागा होती. गिलरे ज्या हॅना हम्फ्रीच्या दुकानासाठी काम करायचा आणि जिच्या घरी राहायचा, तिच्या दुकानाच्या काचेमागे नवी चित्रं लावलेली असायची. बिनरंगी चित्र शिलिंगाच्या आसपास, रंगीत दुपटीने. गरिबाच्या खिशाला परवडणारं नव्हतं. पण काचेसमोर उभं राहायला पैसे पडत नव्हते. गिलरेने स्वतःच १८०८ च्या एका चित्रात ते दुकान दाखवलंय. काचेला नाक लावून उभी असलेली माणसं आत गुंग आहेत आणि बाहेर एक म्हातारा बर्फावर घसरून आपटलाय, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. त्या गर्दीत तह हवा असणारेही असणार आणि नको असणारेही. दोघांनी एकच चित्र पाहून आपापलं मत घट्ट केलं असेल किंवा सैल केलं असेल. ही जागा सरकारने बंद करू नये.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते अटक मिटल्यानंतर. गिलरे जामिनावर सुटला, खटला उभाच राहिला नाही. जॉर्ज कॅनिंग नावाचा पिटच्या गोटातला एक महत्त्वाकांक्षी तरुण खासदार त्याच्या आधीपासूनच गिलरेच्या मागे होता. आपलं व्यंगचित्र निघावं अशी त्याची फार इच्छा होती, कारण गिलरेने काढलं म्हणजे माणूस मोठा झाला. मधे एक पाद्री मित्र घालून त्याने ओळख वाढवली. सुरुवातीला सांगितलेल्या चित्रात दिव्याच्या खांबाला लटकलेल्या दोघांपैकी एक कॅनिंगच आहे. आणि १७९७ च्या अखेरीस गिलरेला सरकारकडून वर्षाला २०० पौंड पेन्शन सुरू झालं.

आधी आणि नंतर काय फरक पडला ते चित्रांतच पाहावं. पेन्शनच्या आधीच्या त्या वर्षात गिलरे कोणालाच सोडत नव्हता. सेंट जेम्स स्ट्रीटवरचं चित्र पुन्हा पाहा. वरवर ते फॉक्सवर आहे, पण बैलाच्या शिंगांवर बर्क आहे, आणि बर्कच्याच भयंकर कल्पना जशाच्या तशा रंगवून दाखवल्या की त्यांतला अतिरेकही डोळ्यांत भरतो. तह नको म्हणणारा हे चित्र पाहून ‘बघा, मी सांगत होतो’ म्हणेल, आणि तह हवा असणारा ‘बघा, हे लोक असली भुतं दाखवून आपल्याला घाबरवतात’ म्हणेल. फेब्रुवारी १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांबदल्यात सोनं देणं थांबवल्यावर मार्चमध्ये गिलरेने पिटला मायडास राजा बनवलं; ग्रीक कथेतला मायडास हात लावेल त्याचं सोनं करायचा, हा सोन्याचा कागद करतो. मे महिन्यात त्याने बँकेला नोटांचे कपडे घातलेली म्हातारी केलं, ती आपल्या तिजोरीच्या पेटीवर बसलेली आणि पिट तिच्या अंगाशी झटतोय. युद्धाचा पैसा कुठून येतो, हा खरा प्रश्न त्याने एका चित्रात उघडा केला. बँकेला ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ हे नाव तिथून चिकटलं ते आजतागायत.

आणि पेन्शननंतर? १ नोव्हेंबर १७९८ ला गिलरेने सरकारच्या बाजूच्या मासिकासाठी सात विरोधी नेत्यांचे चेहरे काढले, प्रत्येकाशेजारी त्याचं ‘मूळ रूप’. फॉक्सशेजारी सैतान. शेरिडनशेजारी येशूला विकणारा जूडास. रेषा तितकीच पक्की आहे, कौशल्यात तसूभर कमी नाही. पण या चित्रात दुसरा अर्थ शिरायला फटच नाही. तह मागणारा माणूस सैतान आहे, एवढंच ते सांगतं आणि थांबतं. पिटवरचे घाव या वर्षांत बोथट होत गेले. ज्या हाताने बँकेच्या म्हातारीशी झटणारा पिट काढला होता, तोच हात आता पिटच्या विरोधकांना शिंगं लावत होता.

कोणी म्हणेल, त्याचं मतच बदललं असेल. फ्रान्समध्ये गिलोटिन चालत होतं, आयर्लंडात बंड झालं होतं, आक्रमणाची भीती खरी होती. हे सगळं खरं आहे, आणि माणसाला मत बदलायचा हक्क आहे. पण वाचकाला एक गोष्ट माहीत असायचा हक्क होता: हे मत मांडणाऱ्याला ज्याच्या बाजूने मत आहे त्याच्याकडूनच वर्षाला २०० पौंड मिळतात. दुकानाच्या काचेवर ते लिहिलेलं नव्हतं. फॉक्सला सैतान म्हणणं माझ्या दृष्टीने गुन्हा नाही. ज्याला सैतान म्हणायचं त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा पगार खाऊन ते म्हणणं आणि पगाराची गोष्ट दडवणं, ही वाचकाची फसवणूक आहे.

पिट १८०१ मध्ये पायउतार झाला आणि पेन्शनही थांबलं. नव्या ॲडिंग्टन सरकारचा परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॉक्सबरी. त्याने १ ऑक्टोबर १८०१ ला लंडनमध्ये फ्रान्सशी प्राथमिक करारावर सही केली. हा हॉक्सबरी म्हणजे सेंट जेम्स स्ट्रीटवर कॅनिंगच्या पाठीला पाठ लावून लटकलेला दुसरा तरुण. सात वर्षांपूर्वी याच माणसाने संसदेत पॅरिसवर चाल करून जाणं शक्य आहे असं ठासून सांगितलं होतं. गिलरे विसरला नव्हता. पाच दिवसांत त्याचं चित्र बाहेर पडलं: इंग्लिश खाडीवर टाकलेल्या कुजक्या, तडकलेल्या फळीवरून हॉक्सबरी सामान्य माणसाला, म्हणजे जॉन बुलला, पॅरिसकडे घेऊन निघालाय, आणि शीर्षकात त्याचीच जुनी ‘पॅरिसकडे कूच’ची घोषणा. जुनं वाक्य आणि नवी सही समोरासमोर ठेवणं हे व्यंगचित्रकाराचं अगदी हक्काचं काम.

पण त्याच दिवसांत लंडनच्या रस्त्यावर काय चाललं होतं तेही ऐका. कराराची मान्यता घेऊन बोनापार्टचा अधिकारी लोरिस्तों लंडनला आला, तेव्हा लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि जयजयकार करत ती गाडी स्वतः ओढत नेली. साडेआठ वर्षं युद्ध, महाग भाकरी, आरमारातली बंडं, १७९९ पासून बसलेला प्राप्तिकर. गाडी ओढणारे हे लोक मूर्ख नव्हते, आणि देशद्रोही तर नव्हतेच. गिलरेच्या फळीवर जॉन बुल भाबडेपणाने चालतोय, पण गाडीला खांदा देणारा जॉन बुल थकलेला होता. व्यंगचित्रात थकवा दिसत नाही. तो काढायला कठीण असतो म्हणूनही असेल.

फळी शेवटी मोडली, हे मान्य करायलाच हवं. १८ मे १८०३ ला ब्रिटनने पुन्हा युद्ध पुकारलं. माल्टा सोडायचं की नाही यावरून अडलं होतं आणि दोन्ही बाजूंना तह पाळण्यात रस उरला नव्हता. शंका घेणारे बरोबर ठरले. तरीही त्या चौदा महिन्यांत प्राप्तिकर रद्द झाला, घरी आलेल्या खलाशांना बायकापोरं दिसली, हजारो इंग्रज पॅरिस पाहून आले, फॉक्स स्वतः बोनापार्टला भेटला. मोडलेल्या तहाला आपण फसलेला तह म्हणतो. फसलेल्या युद्धाला मात्र स्मारक बांधतो.

पेन्शन थांबलेलं असताना गिलरेने त्याचं सगळ्यात मोठं चित्र काढलं, आणि त्याचं निमित्तही तहाच्या बोलण्यांचंच होतं. २ जानेवारी १८०५ ला नेपोलियनने राजा जॉर्जला पत्र लिहून तहाची तयारी दाखवली. राजाने थेट उत्तर दिलं नाही, मंत्र्यामार्फत मोघम काहीतरी कळवलं. २६ फेब्रुवारीला ‘पुडिंग धोक्यात’ बाहेर पडलं. टेबलावर वाफाळणारा गोल पुडिंग, म्हणजे पृथ्वी. एका बाजूला उंच, किडकिडीत पिट लष्करी पोशाखात ताठ बसलाय. त्याच्या काट्याला त्रिशूळाची तीन टोकं आहेत आणि तो शांतपणे अटलांटिक महासागराचा भलामोठा काप काढतोय. समोर बुटका नेपोलियन खुर्चीतून अर्धवट उठलाय, कारण बसून हात पोचत नाही, आणि तलवारीने युरोपचा लचका तोडतोय. त्याचा काटा हॅनोव्हरमध्ये, राजा जॉर्जच्या वडिलोपार्जित मुलखात, रुतलाय. नेपोलियनचे डोळे हावरे आहेत. पिट पुडिंगकडे तिरका बघतोय, चेहरा सभ्य. आणि त्याच्या वाट्याचा काप समोरच्यापेक्षा मोठा आहे.

पिट तेव्हा पुन्हा पंतप्रधान होता, युद्ध चालू होतं, इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर फ्रेंच फौज तळ ठोकून होती. अशा वेळी आपला पंतप्रधान आणि शत्रूचा बादशहा एकाच टेबलावर, एकाच भुकेने बसवणं याला छाती लागते. तह करणाऱ्याची टवाळी म्हणजे काय असू शकतं ते इथे दिसतं. तह मागणारा बावळट आहे, असं हे चित्र म्हणत नाही. बोलणी करायला बसलेले दोघे कशाची बोलणी करतायत, कोणाची जमीन आणि कोणाचा समुद्र कापतायत, हे ते दाखवतं. ‘पहिलं चुंबन’ तहाला हसतं. ‘पुडिंग’ तहामागच्या भुकेवर बोट ठेवतं. वसईच्या तहाचं चित्र कोणी त्या काळी काढलं असतं, तर ते मला याच जातीचं हवं होतं.

आजच्या संपादकांकडे आणि वाचकांकडे माझं मागणं फार मोठं नाही. सीमेवर तणाव वाढला की चर्चेचं नाव काढणाऱ्याची व्यंगचित्रं मोबाइलवर पावसासारखी पडतात. त्यांतली कितीतरी निनावी असतात, कोणाच्या तरी प्रचारयंत्रणेत तयार होतात, आणि काढणाऱ्याला महिन्याकाठी पैसे मिळतात. त्यांच्यावर बंदी नको. पण ती कुठून आली, कोणाच्या पैशाने आली हे विचारायची सवय हवी. ज्या वृत्तपत्राचं पोट सरकारी जाहिरातींवर चालतं, त्याने युद्धाच्या दिवसांत छापलेल्या व्यंगचित्रांकडे दुप्पट डोळसपणे पाहायला हवं, आणि त्या वृत्तपत्रानेही आपल्या व्यंगचित्रकाराला सत्ताधाऱ्यांचं चित्र काढायची तितकीच मोकळीक आहे ना, हे स्वतःशी तपासायला हवं. गिलरेसारखा हात शतकातून एखादाच जन्मतो. तो २०० पौंडांत मिळतो हे सत्तेला कळलं होतं.

पेन्शन नसलं की चित्रकार दयाळू होतो असा मात्र कोणाचा समज होऊ नये. जानेवारी १८०६ मध्ये पिट वारला आणि फॉक्स परराष्ट्रमंत्री झाला. जन्मभर ज्या तहाची मागणी केली तो करायची संधी त्याला अखेर मिळाली. नेपोलियनला मारायचा कट घेऊन एक माणूस त्याच्याकडे आला, तेव्हा फॉक्सने पत्र लिहून ती गोष्ट पॅरिसला कळवली, आणि त्यातूनच बोलण्यांना सुरुवात झाली. जुलै उजाडेपर्यंत त्याच्या अंगात पाणी भरलं होतं. गिलरेने तेही सोडलं नाही. त्याच्या चित्रात फॉक्स सुजलेल्या देहाने पडलाय आणि भोवती समाचाराला आलेल्यांची गर्दी आहे. ते पाहताना माझ्या पोटात कालवतं. तरी ते चित्र त्याचं होतं, कोणाचं सांगकाम नव्हतं, म्हणून ते छापलं गेलं हेच योग्य असं मी म्हणतो. १३ सप्टेंबर १८०६ ला फॉक्स गेला. पॅरिसमधली बोलणी पुढे काही आठवडे ओढत राहिली, आणि ऑक्टोबरात ब्रिटिश वकील सामान बांधून परत निघाला.